बेटांची तहान आणि बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झाले आणि त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग व सिंधुदुर्ग हे चहूबाजूंनी समुद्राने वेढलेले किल्ले असल्यामुळे बेटांवरील पर्यटकांची वर्दळ वाढणार, हे उघड आहे. हवामानबदलाच्या काळात अशा पर्यटनाची घडी कशी बसवावी, याची चर्चा बहुधा चढती समुद्रपातळी, धूपप्रतिबंधक बंधारे आणि अलीकडे तरंगती हॉटेले यांच्यापाशीच थांबते. बेटावरच्या गोड्या पाण्याचा विषय तिच्यात सर्वांत शेवटी येतो, वास्तविक तो पहिला यायला हवा.

सच्छिद्र जमिनीच्या लहान बेटावर पडलेले पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहते. मध्यभागी जाड आणि किनाऱ्याकडे निमुळता होत जाणारा हा थर ‘गोड्या पाण्याचे भिंग’ म्हणून ओळखला जातो. समुद्राच्या पाण्याची घनता गोड्या पाण्याच्या सुमारे १.०२५ पट असल्यामुळे गोडे पाणी समुद्रपातळीच्या वर एक मीटर असेल, तर आदर्श परिस्थितीत ते खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत असते. उलटपक्षी वरची पातळी एक मीटरने उतरली आणि तशीच राहिली, तर खारे पाणी कालांतराने चाळीस मीटर वर चढू शकते.

हा नियम डच लष्करी अभियंता बाडोन गायबेन आणि जर्मन अभियंता हर्झबर्ग यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. हर्झबर्गने १९०१ मध्ये प्रसिद्ध केलेला लेख उत्तर समुद्रावरील स्नानस्थळांच्या, म्हणजे त्या काळच्या पर्यटनस्थळांच्या, पाणीपुरवठ्यावर होता, त्यामुळे बेटांवरील भूजलाचे शास्त्र आणि बेटांवरील पर्यटन यांचे नाते आरंभापासूनचे आहे. परंतु हेच तत्त्व त्याआधी सात दशके, १८२८ मध्ये, अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत फ्रेंच शिकवणाऱ्या जोसेफ ड्यू कोमन यांनी मांडले होते आणि नियमाच्या नावात त्यांना स्थान मिळाले नाही, हा अन्याय अजून दूर व्हायचा आहे.

या भिंगाला सर्वांत मोठा धोका उभ्या, खोल बोअरवेलचा असतो, कारण पंप जोराने उपसा करू लागला की नेमके त्याच्याखालचे खारे पाणी शंकूच्या आकारात वर ओढले जाते. त्यावरचा उपाय समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात पाहायला मिळतो. मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आलेला तेथील कुंडी भंडारा, ज्याला खूनी भंडारा असेही म्हणतात, जहांगीरच्या काळात, १६१५ मध्ये, अब्दुर्रहीम खानखानाने तबकुतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञाच्या आखणीनुसार बांधवून घेतला. मलिक अंबरच्या नहरीमुळे मराठवाड्याला परिचित असलेली कनात पद्धतच येथे आहे: सातपुड्याच्या उतारावरून तापीकडे झिरपणारे पाणी मंद उताराच्या भुयारात अडवले जाते, आणि शंभराहून अधिक गोल कुंड्या, म्हणजे वरून भुयारापर्यंत उतरणाऱ्या विहिरी, त्या भुयाराला हवा पुरवतात व साफसफाईसाठी वाट देतात. सुमारे ऐंशी फूट खाली माणूस उभा राहून चालू शकेल असे ते भुयार असून पाण्यातील चुना साचून त्याच्या भिंतींवर पांढरी पुटे चढली आहेत. पाणी केवळ उताराने वाहते. मोट नाही, पंप नाही, आणि म्हणूनच भुयाराच्या तळाखालचे पाणी ही योजना कधीच ओढू शकत नाही. उपशाची मर्यादा बांधकामातच घालून देणारी ही बुद्धी खरोखर थक्क करणारी आहे.

प्रशांत महासागरातील किरिबाटी देशाच्या तरावा बेटावर आज नेमकी हीच आडवी रचना वापरली जाते. बुऱ्हाणपुरात खाऱ्या पाण्याचा प्रश्न नव्हता आणि तरावात पाणी उचलायला पंप लागतो, तरी भूमिती तीच आहे: पाण्याच्या पातळीलगत पुरलेल्या लांब सच्छिद्र नळ्या भिंगाच्या माथ्यावरचे पाणी दुधावरच्या सायीप्रमाणे हलक्या हाताने काढून घेतात.

कोकणच्या खडकाळ बेटांना चाळीसपटीचा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही, कारण तेथे पाणी खडकाच्या भेगांत साठते. सिंधुदुर्गाच्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी अशाच पावसावर अवलंबून आहेत. पावसाळ्यात किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात आणि मे महिन्याच्या सुट्टीत, भूजल सर्वांत खाली गेलेले असताना, मालवणात गर्दी उसळते. पाऊस लहरी झाला की हे व्यस्त प्रमाण अधिकच जाचेल, म्हणून पर्यटकांची संख्या महिन्यागणिक विहिरींची पातळी मोजून ठरवणे हेच खरे अनुकूलन होय. समुद्राचे पाणी गोडे करणारे प्रकल्प आधार देतात, पण केवळ त्यांच्यावर विसंबण्याची किंमत डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवच्या माले शहराला मोजावी लागली: प्रकल्पाला आग लागताच राजधानी तहानली आणि भारताला विमानांनी व जहाजांनी पाणी पोहोचवावे लागले.

आडव्या रचनेलाही एक उणीव आहे, आणि ती बुऱ्हाणपुरातच दिसते. भुयार स्वतः जास्त पाणी घेत नसले तरी आसपासच्या केळीच्या बागांसाठी खोदलेल्या कूपनलिका त्याच जलधरातून पाणी उपसतात, आणि पातळी भुयाराच्या तळाखाली गेली तर भुयाराला काहीच करता येत नाही. लहान बेटावर एका हॉटेलाची एकच खोल बोअरवेल हे काम करू शकते; म्हणून बोअरवेलवरची बंदी हॉटेलाला परवाना देण्याआधी यायला हवी.