स्ट्रॉबेरी, ग्रीन टी आणि चिमूटभर सोडा

स्ट्रॉबेरी आणि ग्रीन टीच्या केकमध्ये दोन नैसर्गिक रंग एकत्र येतात आणि दोघांचे स्वभाव परस्परविरुद्ध आहेत. स्ट्रॉबेरीचा लाल रंग अँथोसायनिन गटातील द्रव्यांमुळे येतो; तो आम्लात खुलतो आणि आम्लारीत निळसर, राखी पडतो. चहाच्या पानाचा हिरवा रंग हरितद्रव्याचा. त्याला आम्लच सोसत नाही. सोलापुरातील अनेक घरांत केक बिनअंड्याचा होतो, तो दही आणि खाण्याच्या सोड्यावर फुलतो. म्हणजे आम्ल आणि आम्लारी दोन्ही एकाच भांड्यात. केकचा रंग, चव आणि हलकेपणा या दोघांचा हिशेब जुळण्यावर ठरतो.

सोलापूरच्या बाजारात स्ट्रॉबेरी येते ती मुख्यतः महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावरून. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,350 मीटर उंची, थंड रात्री आणि निचऱ्याची तांबडी माती या पिकाला मानवते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. सोलापूर साधारण 460 मीटरवर, कोरडे, आणि उन्हाळ्यात 40 अंशांच्या वर जाणारे. त्यामुळे येथे या केकचे खरे दिवस डिसेंबर ते फेब्रुवारी. आजची लागवडीची स्ट्रॉबेरी अठराव्या शतकात फ्रान्समध्ये चिली आणि उत्तर अमेरिकेतील दोन जातींच्या संकरातून निर्माण झाली. आपण खातो तो लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला देठाग्र. त्यावरचे बारीक पिवळे दाणे ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने खरी फळे. या गराला जाड साल नसते आणि त्यात 90 टक्क्यांहून अधिक पाणी असते. प्रवासात ती लवकर दबते आणि पाणी सोडू लागते, ते यामुळेच. आंब्यासारखी ती आढीत पिकत नाही. तोडल्यावर रंग थोडा गडद होईल, पण गोडी वाढत नाही. म्हणून देठापर्यंत लाल असलेलीच घ्यावी; देठाशी पांढरी राहिलेली स्ट्रॉबेरी केकवर दिसायला बरी, खायला आंबट.

ग्रीन टी आणि रोजचा चहा एकाच झाडाच्या पानांपासून होतात. काळ्या चहासाठी पाने चुरगाळून हवेत ठेवतात, तेव्हा पानातील विकर कॅटेचिन द्रव्यांचे ऑक्सिडीकरण करते आणि पान काळवंडते. ग्रीन टीसाठी तोडलेली पाने लगेच वाफवतात किंवा तापलेल्या कढईत परततात. उष्णतेने विकर निकामी होते आणि हिरवेपणा राहतो. जपानी माचा याच्या पुढचा. तोडणीआधी काही आठवडे झाडांवर सावली धरतात, पानात हरितद्रव्य वाढते, मग शिरा काढून पाने दगडी जात्यावर अगदी बारीक दळतात. साधी ग्रीन टी मिक्सरमध्ये फिरवून माचासारखा रंग येत नाही. भुकटी जाडसर आणि शेवाळी रंगाची होते. ती मलमलीतून चाळून घेतली तर केकला चव मात्र चांगली देते. काहीजण पाने दुधात भिजवून दूध गाळून घेतात. या पद्धतीत सुगंध उतरतो, हिरवा रंग फारसा उतरत नाही, कारण हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही. दूध उकळते नसावे. 70 ते 80 अंश पुरेत. त्याहून जास्त तापमानात तुरट कॅटेचिने अधिक सुटतात.

आता सोड्याचा हिशेब. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की तो निसटतो आणि हिरव्याचा तपकिरी होतो. पालक हिरवागार राहावा म्हणून उकळत्या पाण्यात चिमूटभर सोडा टाकतात, त्यामागचे कारण हेच. पण केकमध्ये हा उपाय अर्धाच लागू पडतो. पीठ जास्त आम्लारी झाले तर चहातील कॅटेचिनांचे ऑक्सिडीकरण झपाट्याने होते आणि केक त्या वाटेनेही तपकिरी पडतो; वर साबणासारखी चव येते ती वेगळीच. म्हणून पीठ उदासीनतेच्या जवळपास ठेवणे हाच मार्ग.

दह्यात साधारण 1 टक्का लॅक्टिक आम्ल धरले, तर 100 ग्रॅम दही जेमतेम 1 ग्रॅम सोड्याला पुरते. हा 1 ग्रॅम म्हणजे पाव चहाच्या चमच्याहूनही कमी. एवढ्याशा सोड्यातून जवळपास 290 मिलिलीटर कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि लहान केकला तो भरपूर आहे. येथे सोलापूरचे हवामान आडवे येते. मे महिन्यात काही तासांत आंबटढाण होणारे दही डिसेंबरात रात्रभर ठेवूनही गोडसर राहते. स्ट्रॉबेरीचा हंगाम नेमका थंडीत. उन्हाळ्यात जमलेले अर्ध्या चमच्याचे माप तसेच वापरले की सोडा उरतो आणि केक बिघडतो. थंडीत दही आदल्या दिवशी उबदार जागी विरजावे, किंवा सोडा कमी करून उरलेले काम बेकिंग पावडरवर सोपवावे. तिच्यात सोड्याबरोबर कोरडे आम्ल मापात मिसळलेले असते.

सुमारे 150 ग्रॅम मैद्याला ग्रीन टीची भुकटी 6 ते 8 ग्रॅम पुरते. सगळे कोरडे साहित्य एकत्र चाळून दही, साखर, तेल आणि लागेल तसे दूध यांत हलक्या हाताने मिसळावे. जास्त घोटले की मैद्यातील प्रथिनांचे ग्लूटेन ताणले जाते आणि केक चिवट होतो. सोडा दह्याला भेटताच वायू सुटू लागतो, म्हणून भांडे आधीच तापलेले हवे. ओव्हन असेल तर 170 ते 180 अंश. नसेल तर कुकरची शिट्टी आणि रबर काढून, तळाशी मिठाचा थर व त्यावर स्टँड ठेवून दहा मिनिटे कुकर तापवतात. यात उष्णता खालून येते. तळ आधी लाल होतो, म्हणून आच मंद हवी. केकच्या पोटात पाणी असेपर्यंत तेथील तापमान 100 अंशांवर जात नाही. पापुद्रा मात्र कोरडा पडून बराच जास्त तापतो, तेथे साखर आणि प्रथिनांची अभिक्रिया होऊन तो तपकिरी होतो. केक कापल्यावर कडेला तपकिरी आणि आत हिरवा दिसतो तो यामुळे, आणि त्यात काही चुकलेले नसते.

स्ट्रॉबेरी पिठात घालू नये, हे ठामपणे सांगावेसे वाटते. तुकडे तळाशी बसतात, पाणी सोडून भोवतीचा केक गिच्च करतात, आणि आम्लारी पिठाशी जेथे संबंध येतो तेथे कडा निळसर होतात. तिची जागा दोन थरांच्या मध्ये. तुकड्यांवर साखर भुरभुरली की अर्ध्या तासात रस सुटतो. तो मंद आचेवर आटवून थोडे लिंबू पिळले की लाल रंग उजळतो. केक पूर्ण गार झाल्यावर आधी फेटलेल्या क्रीमचा पातळ थर द्यावा. क्रीममधील स्निग्धांश रसाला केकमध्ये सहजी झिरपू देत नाही. त्यावर आटवलेला रस आणि ताजे काप. क्रीम फेटताना भांडेही फ्रिजमध्ये गार केलेले हवे, कारण ऊब लागली की स्निग्धांश मऊ होतो आणि फेस बसतो. कापलेली स्ट्रॉबेरी वरून लावायची ती वाढण्याच्या वेळी, आणि तयार केक फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावा.