शेवटचा एक टक्का

मॅप १०० टक्के, रिड्यूस ९९ टक्के. पडद्यावर ही ओळ आली की नवख्याला वाटतं, झालंच आता. मुरलेली माणसं मात्र जागची हलत नाहीत. हा शेवटचा एक टक्का कधी कधी आधीच्या ९९ पेक्षा जास्त वेळ खातो. बिग डेटा म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी त्याला या ओळीसमोर बसवतो.

काम साधंच असतं. दुकानांच्या साखळीची काही वर्षांची बिलं घ्यायची आणि प्रत्येक मोबाइल नंबरखाली त्या गिऱ्हाइकाची खरेदी तारखेनुसार लावायची. बिलं एका मशीनमध्ये मावत नाहीत, म्हणून १२८ मेगाबाइटचे तुकडे करून बऱ्याच मशीन्सवर ठेवलेली असतात, प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती. पुढची रीत गूगलमधल्या जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी २००४ मध्ये मांडलेली, मॅपरिड्यूस. मतपत्रिकांच्या मोजणीसारखीच ती चालते. प्रत्येक टेबलावर आपापल्या पेटीतले गठ्ठे लावायचे, हा मॅप; मग एका उमेदवाराचे सगळे गठ्ठे एका जागी नेऊन मोजायचे, हा रिड्यूस. इथे उमेदवाराच्या जागी मोबाइल नंबर. एका नंबरची सगळी बिलं एकाच मशीनकडे गेली पाहिजेत, नाहीतर क्रम लागणार कसा? आणि घोडं पेंड खातं ते इथंच.

शेवटच्या एका टक्क्यावर अडकलेल्या मशीनकडे आलेल्या नोंदी उघडाव्यात, तर पानामागून पान एकच नंबर: ९९९९९९९९९९. गिऱ्हाईक नंबर द्यायला तयार नाही, मागे रांग खोळंबलेली, रकाना भरल्याशिवाय बिल निघत नाही. काउंटरवरचा मुलगा दहा वेळा नऊ दाबतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण गावोगावची ती सगळी बिलं आता एका माणसाची म्हणून एकाच मशीनच्या डोक्यावर येतात आणि बाकीची मशीन्स हातावर हात ठेवून बसतात. आणखी वीस मशीन्स जोडली तरी ती नुसती बघत बसतील.

बिग डेटा हा शब्द सुरुवातीच्या काळात वापरला गेला तोही अशाच अडचणीतून. १९९७ मध्ये नासाच्या एम्स संशोधन केंद्रात मायकेल कॉक्स आणि डेव्हिड एल्सवर्थ हवेच्या प्रवाहाच्या गणितातून चित्रं तयार करत होते. आकडे मेमरीत मावेनात, डिस्कलाही जड जाऊ लागले. या अडचणीलाच त्यांनी आपल्या निबंधात बिग डेटा म्हटलं. उपाय असा, की चित्राला ज्या क्षणी जेवढा भाग लागेल तेवढाच आत आणायचा. पुढे २००१ मध्ये डग लेनी यांनी आकार, वेग आणि वैविध्य हे तीन निकष मांडले आणि सगळीकडे तेच पाठ झाले. मला कॉक्स-एल्सवर्थ यांचंच म्हणणं जास्त उपयोगी वाटतं. त्यांना जो डेटा पेलला नाही, तो आज नखाएवढ्या कार्डात मावेल. डेटा मोठा आहे की नाही, हे समोरच्या मशीनकडे बघूनच सांगता येतं.

दहा नऊंवरचा उपाय दोन ओळींचा आहे. त्या नंबरची बिलं गिऱ्हाइकांच्या हिशेबातून बाजूला काढायची. विक्रीच्या बेरजेत मात्र ती राहू द्यायची, कारण माल खरोखर विकला गेलाय, पैसे खरोखर आलेत. आणि किती बिलं बाजूला काढली तो आकडा अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहायचा. तो तळटीपेत ढकलायला मी कुणालाही देत नाही.