पाणी वायरीवरून चालत येतं

सकाळी ६.१५
काल रात्री गच्चीवर ठेवलेले दोन डबे खाली आणले. दोन्हींच्या तळाशी वर्तमानपत्राची घडी घालून झाकण आवळलं होतं. पाऊस रात्रभर होता. पहिल्यातला कागद कोरडा, करकरीत. दुसऱ्यातला एका कोपऱ्यात ओला, नखाएवढा डाग. डबे एकाच लॉटमधले, दोन्हींवर आयपी ६५ छापलेलं. फरक एवढाच, की दुसऱ्यात एका ग्लँडमधून, म्हणजे वायर आत घ्यायच्या बुचातून, दोन वायरी काढल्या होत्या. ग्लँडच्या आतलं रबर एकाच गोल वायरीला चहूबाजूंनी आवळतं. दोन वायरी शेजारी शेजारी घातल्या, की मधल्या खोबणीतून पाणी आत उतरतं. माझ्याकडे काम शिकणाऱ्या मुलाला हे पटत नव्हतं, म्हणून मुद्दाम तसा डबा केला होता. त्याने तो कागद बराच वेळ बोटांत धरून पाहिला.

९.३०
तापकीर गल्ली. गणपती बसायला अकरा दिवस उरलेत आणि मला चौदा डबे हवेत. प्रत्येकात पिक्सेल माळांचा एक कंट्रोलर बसणार.

"ताई, एबीएसचा घ्या, स्वस्त पडेल. दिसायला तोच."

दिसायला तोच असतो, खरं आहे. पण साधं एबीएस उन्हात पिवळं पडतं, ठिसूळ होतं आणि स्क्रूच्या कानाशी तडकतं. मंडळं हेच डबे उतरवून पुढच्या वर्षी पुन्हा लावतात, सोसायट्या तर दिवाळीपर्यंत काढतच नाहीत. ओतीव ॲल्युमिनियमचा डबा उष्णता छान बाहेर टाकतो, पण माझ्या बोर्डावर वायफायची चिप आहे आणि धातूच्या बंद डब्यात तिला रेंज मिळत नाही. म्हणून राखाडी पॉलिकार्बोनेट.

आयपीचा पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ५ म्हणजे कुठल्याही बाजूने पाइपाने मारलेलं पाणी, ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवणं. आकडा मोठा म्हणून लोक ६७ मागतात. मांडवातला डबा बुडत नाही, त्याच्यावर तिरक्या सरी येतात. त्याला ६५ पुरे. वाचलेले पैसे चांगल्या ग्लँडवर घालावेत.

१२.००
भोकं पाडायची वेळ, दिवसातलं सगळ्यात जबाबदारीचं काम. छापलेलं रेटिंग अखंड डब्याचं असतं. त्याला पहिलं भोक पडलं, की पुढचं सगळं आपल्या हातावर. वरच्या बाजूला भोक नाही, शक्यतो कुशीतही नाही. सगळे ग्लँड तळाला. स्टेप ड्रिलने हळू जायचं, कडेचा भुसा बोटाने पुसायचा, कारण गास्केटखाली अडकलेला एक कणही पाण्याला वाट करून देतो. झाकणाचे चार स्क्रू एका ओळीने आवळायचे नाहीत, समोरासमोरचे आळीपाळीने.

मुलाने सिलिकॉनची नळी आणली. टोपण उघडताच व्हिनेगरचा वास आला. ती बाजूला ठेवायला सांगितली. त्या सिलिकॉनमधून सुकताना ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि बंद डब्यात ते तांबं खातं. बोर्डाजवळ न्यूट्रल क्युअरचंच वापरायचं.

२.३०
जेवण झालं, आता उष्णतेचा हिशेब. पाच व्होल्टचा पिक्सेल पूर्ण पांढरा पेटला, की सुमारे ६० मिलिअँपिअर खातो. तीनशे पिक्सेल म्हणजे १८ अँपिअर, ९० वॉट. २३० व्होल्टचे पाच व्होल्ट करणाऱ्या एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर सोळाएक वॉट नुसती उष्णता होते, आणि बंद प्लास्टिकच्या डब्यातून ती सहज निघत नाही. म्हणून एसएमपीएस वेगळ्या, मोठ्या डब्यात. २३० व्होल्ट आणि कंट्रोलर एका डब्यात ठेवायचेच नाहीत, हा सुरक्षिततेसाठीही माझा नियम आहे.

उष्णतेपेक्षा मला तिच्यानंतरच्या गारव्याची जास्त काळजी वाटते. संध्याकाळी डबा तापतो, आतली हवा फुगून फटीफटीतून बाहेर जाते. मध्यरात्री लायटिंग बंद होतं, डबा गार पडतो आणि भाद्रपदातली दमट हवा आत ओढून घेतो. सकाळी झाकणाला आतून घाम. पावसाचा एक थेंब आत न जाता बोर्ड ओला झालेला मी स्वतः पाहिलाय. सिलिका जेलची पुडी दोन-तीन दिवसांत भरून जाते. त्यापेक्षा तळाशी श्वास घेणारा व्हेंट बसवते. त्याच्या पडद्यातून हवा आणि बाष्प जातं, पाणी जात नाही. बोर्डावर वरून कन्फॉर्मल कोटिंग, कनेक्टर सोडून.

५.००
मंडळाच्या मांडवात. कार्यकर्ते खांब उभे करतायत. एकजण म्हणाला, "ताई, एवढं कशाला? बोर्डाला पिशवी गुंडाळून टेप मारू, दरवर्षी तेच करतो." मी त्यांना झाकणाच्या घामाचं सांगितलं. पिशवीत तोच घाम कोंडतो आणि निथळायला जागा नसते. मग हाताने मांडवाचा लोखंडी खांब दाखवला. दर्शनाच्या रांगेतली पोरं याच खांबाला धरून उभी राहणार. वायर कुठे सोलली आणि करंट खांबात उतरला, तर? करंट गळताच वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लावल्याशिवाय मी स्विच दाबत नाही. तिचं टेस्ट बटण त्यांच्यासमोर दाबलं. खट्‌कन पडली. "रोज आरतीआधी एकदा दाबायचं," म्हटलं. त्यांनी एका दादाला ते काम नेमून दिलं.

८.३०
घरी. आई म्हणाली, हात बघ. हाताला प्लास्टिकचा राखाडी भुसा.

१०.४०
सर आली तशी छत्री घेऊन पुन्हा मांडवात गेले. पागोळ्यांखाली, खांबावर, पुरुषभर उंचीच्या थोडं वर पहिला डबा लावलेला आहे. कमानीवरून उतरणारी वायर सरळ डब्यात नेलेली नाही. आधी वीतभर खाली सोडून पोट काढलंय, मग वर वळवून तळाच्या ग्लँडमध्ये. टॉर्च मारला. पाणी वायरीवरून घरंगळत आलं, पोटाशी जमलं, टपोरं झालं आणि खाली पडलं. मग दुसरं. वरच्या वळणापासून ग्लँडपर्यंतची वायर कोरडी. बोट फिरवून पाहिलं, कोरडीच.