इंद्रायणीचा कोंडा

इंद्रायणी भात 1987 साली वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने दिला. आंबेमोहर-157 आणि आयआर-8 यांचा हा संकर. देहूपासून लोणावळ्यापर्यंत तो घरोघर शिजू लागला, नाव झालं ते तांदळाचं. गिरणीत मागे राहिलेला कोंडा म्हशीच्या घमेल्यात गेला.

कोंड्याचं मोल आधी जावात कळलं. 1890 च्या दशकात बटाव्हियात ख्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरला दिसलं, की पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंडा मिळाला की सावरतात. पुढे 1926 मध्ये यान्सेन आणि डोनाथ यांनी तिथेच कोंड्यातून थायामिन या ब-1 जीवनसत्त्वाचे स्फटिक वेगळे केले. 1950 च्या दशकात जपानी संशोधकांना कोंड्याच्या तेलात ओरिझॅनॉल हे अँटिऑक्सिडंट सापडलं.

मग तेल कारखान्यांची गंमत बघा. आम्लता घालवायला कच्च्या तेलात कॉस्टिक सोडा घातला, की ओरिझॅनॉलचा बराच भाग साबणाच्या गाळात जायचा. टाकाऊतून काढलेलं मोलाचं पुन्हा टाकाऊत! हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेने विकर वापरून तेलातला गोंद आधीच काढायची रीत बसवली. मग आम्लं सोड्याऐवजी वाफेने काढता येतात आणि ओरिझॅनॉल तेलातच राहतं. राइस ब्रॅन तेलाच्या बाटलीवर आज तेच नाव मिरवतं.

मावळच्या कोंड्याला हा मान का नाही? जुन्या हलरमध्ये तूस आणि कोंडा एकत्रच भरडला जातो. मूठभर हातात घ्या, तुसाची कुसं बोटांना टोचतात. निव्वळ कोंड्यात साधारण 15 ते 20 टक्के तेल असतं. तूस मिसळलं की ते काढणं परवडत नाही. रबर रोलरच्या गिरणीत तूस आधी निघतं, कोंडा वेगळा पडतो. पण तिथेही वेळ हातात नसतो. दाणा घासला जाताच कोंड्यातलं लायपेज हे विकर तेलाला भिडतं, काही तासांतच आम्लता चढू लागते आणि पुढे खवट वास येतो. लगेच उष्णता देऊन हे विकर निकामी करावं लागतं.

यातलं काहीच आता नवं नाही. पलीकडे तळवडे-चाकणला मोटारीचे सुटे भाग मायक्रॉनच्या मापात घडतात. त्या पट्ट्याला कोंडा तापवायचं यंत्र जड नाही. अडतं ते मालाच्या प्रमाणावर: एकेका गिरणीचा कोंडा थोडका, तोही सुगीनंतरच्या महिन्यांतला. म्हणून ओरिझॅनॉलच्या कारखान्याच्या गप्पा तूर्त बाजूला ठेवाव्यात. चार गिरण्यांनी मिळून रबर रोलर बसवावेत, तापवलेला कोंडा एकत्र विकावा आणि भाव पेंडीच्या हिशेबाने मिळतो की तेलाच्या, ते पाहावं.