स्वमग्न विद्यार्थ्यांच्या शिक्षकांचे प्रशिक्षण

स्वमग्नता अथवा ऑटिझम असलेल्या मुलांना शिकविण्याची पात्रता यावी म्हणून विशेष शिक्षकांना देण्यात येणारे व्यावसायिक शिक्षण. सामाजिक देवघेव व संप्रेषण यांतील अडचणी, ठराविक क्रमाचा आग्रह, त्याच त्या हालचाली आणि आवाज, प्रकाश, स्पर्श यांना मिळणारा अतितीव्र वा अतिक्षीण प्रतिसाद ही स्वमग्नतेची प्रमुख लक्षणे होत. या मुलांची बौद्धिक पातळी एकसारखी नसते. त्यामुळे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठीच्या अध्यापनपद्धती त्यांना जशाच्या तशा लागू पडत नाहीत, आणि शिक्षकांच्या स्वतंत्र प्रशिक्षणाची गरज येथूनच उद्भवते.

बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अमेरिकेत अकरा मुलांच्या निरीक्षणावरून या अवस्थेचे वर्णन केले. पुढील सुमारे दोन दशके, आईवडिलांच्या भावशून्य वागणुकीमुळे ती उद्भवते, ही समजूत प्रबळ होती. मूळ कारण घरातच आहे असे मानल्यामुळे भर मानसोपचारावर राहिला व शिक्षणाला दुय्यम स्थान मिळाले. मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड हे स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. त्यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या अवस्थेची कारणे जैविक असल्याचे प्रतिपादन केले. त्यानंतर अध्यापनाच्या प्रश्नाला महत्त्व येऊ लागले.

एरिक शॉप्लर व रॉबर्ट राइक्लर यांनी १९६६ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात संशोधनप्रकल्प सुरू केला. त्यातूनच १९७२ मध्ये ‘टीच’ हा राज्यव्यापी कार्यक्रम उभा राहिला. आईवडिलांना दोषी न मानता उपचारातील सहकारी मानणे, हे त्याचे वैशिष्ट्य होय. ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले अनेक स्वमग्न मुलांना अधिक सुलभतेने कळते, या निरीक्षणावर त्यातील संरचित अध्यापन आधारलेले आहे. प्रत्येक कामाची जागा ठरविणे, दिवसाचे वेळापत्रक चित्रांनी दाखविणे आणि काम कोठे संपते हे मुलाला डोळ्यांनी दिसेल अशी मांडणी करणे, ही त्याची अंगे आहेत. प्रशिक्षणार्थी अनुभवी शिक्षकांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष स्वमग्न मुलांना शिकवून ही पद्धती आत्मसात करतात.

दुसरी परंपरा वर्तनविश्लेषणाची होय. कौशल्याचे लहान टप्पे पाडून प्रत्येक योग्य प्रतिसादास प्रबलन देणे, हे तिचे तत्त्व आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील ओले इव्हार लोवास यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासामुळे तिचा प्रसार झाला. तथापि मुलांची गटवाटणी यादृच्छिक नव्हती, असा आक्षेप त्यावर घेण्यात आला. या परंपरेत पूर्वी वापरल्या गेलेल्या शिक्षांवर कठोर टीका झाली. मुलाला इतरांसारखे दिसावयास लावणे हेच उद्दिष्ट का असावे, असा प्रश्न प्रौढ स्वमग्न व्यक्तींनीही उपस्थित केला आहे.

प्रशिक्षणात बालविकास, मूल्यमापन, वैयक्तिक शिक्षणयोजना, पर्यायी संप्रेषणसाधने, संवेदनविषयक गरजा आणि पालकांशी सहकार्य या विषयांचा अंतर्भाव होतो. वर्तनाचा अर्थ लावता येणे हा या सर्वांचा गाभा होय. उदा., तहानलेले मूल ‘मला पाणी हवे’ असे न म्हणता, आईच्या तोंडून नेहमी ऐकलेले ‘तुला पाणी हवे का?’ हे वाक्य तसेच उच्चारते. अप्रशिक्षित शिक्षकाला ती निरर्थक पुनरुक्ती वाटते; प्रशिक्षित शिक्षक मात्र तीतील मागणी ओळखून पाणी देतो व योग्य वाक्याचा नमुना पुढे ठेवतो. तसेच कान झाकून वर्गाबाहेर धावणारे मूल उद्धट नसून घंटेच्या आवाजाने त्रस्त झालेले असू शकते. हा विवेक केवळ पुस्तकांतून येत नाही. म्हणून अशा प्रशिक्षणात पर्यवेक्षित पाठांना मध्यवर्ती स्थान असते.

भारतात या कामास चालना देण्यात पालकांचा मोठा वाटा आहे. दिल्लीतील ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था १९९१ मध्ये स्थापन झाली. तिने शिक्षक-प्रशिक्षणाचेही कार्य केले. विशेष शिक्षकांच्या अभ्यासक्रमांना मान्यता देण्याचा व पात्रताधारकांची नोंदणी करण्याचा अधिकार १९९२ च्या अधिनियमान्वये भारतीय पुनर्वसन परिषदेस मिळाला. अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५ च्या अधिनियमात मात्र स्वमग्नतेचा निर्देश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात व २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात तो आला. विशेष शिक्षणातील बी. एड्. अभ्यासक्रम २०१५ मध्ये दोन वर्षांचा करण्यात आला. त्यात स्वमग्नता हे एक विशेषीकरण ठेवण्यात आले. विशेष शिक्षकांच्या संख्येबाबत निकष निश्चित करण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये केंद्र शासनास दिले.

कायद्याने शाळेचे दार उघडले, तरी वर्गात मुलाचे म्हणणे समजून घेणारा शिक्षक नसेल, तर प्रवेश नाममात्र ठरतो. अशा शाळेत बोलता न येणारे मूल ‘शिकू न शकणारे’ म्हणून मागे बसविले जाते आणि लवकर शिकविल्यास जे साध्य झाले असते, ती संधी हातची निघून जाते. म्हणून प्रशिक्षणाची खरी कसोटी पदविकांच्या संख्येपेक्षा वर्गातील मुलाच्या संप्रेषणात पडलेल्या फरकानेच लागते.