गवती चहाची भर

सिल्वासाला आम्ही मराठी माणसे आमली म्हणतो. तेथे परसात मोरीच्या पाण्यावर वाढलेला गवती चहाचा ठोंब पुष्कळ घरी दिसतो. गुजराती शेजारीण त्याला ‘लीली चा’ म्हणते; आपल्या अंकाच्या कन्नड विभागातले मित्र ‘मज्जिगे हुल्लु’, म्हणजे ताकाचे गवत. नावात चहा असला तरी या गवतात चहातले कॅफीन मुळीच नाही. मिश्रणाचे सारे इंगित येथेच आहे.

परीक्षेच्या दिवसांत रात्रभर कडक चहा ढोसून सकाळी पेपरला डोके धरून बसणारे आपल्यात थोडे नाहीत. अशांनी चार कपांना चार चमचे पूड टाकण्याऐवजी दोनच टाकावी व बाकीची भर गवती चहा, आले, तुळस यांनी करावी. कॅफीन त्या मानाने उतरते, पण चहा पाणचट लागत नाही. (वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून सांगतो, पुडीचा खर्चही निम्म्यावर येतो.)

मात्र सगळे एकदम पातेल्यात टाकून भागत नाही. कच्च्या आल्यातल्या पाचक द्रव्याने दूध फाटू शकते. म्हणून आले ठेचून आधी पाण्यात चांगले उकळावे, दूध मागाहून घालावे. गवती चहाचा लिंबासारखा वास सिट्रल या द्रव्याचा, आणि ते वाफेबरोबर उडते. वास घरभर दरवळला की समजावे, कपातला तेवढा कमी झाला! पाती कापून शेवटी घालावी व झाकण ठेवून पाच मिनिटे मुरू द्यावी.

रानातून आणायचे तर ओळख पक्की हवी. खानदेशातले रोशा गवत हे गवती चहाचे भावंडच, पण त्याचे तेल साबण-अत्तरात जाते. जाणत्याने दाखवल्याखेरीज काही तोडू नये. शेताच्या बांधावरचे तर नकोच. तेथे फवारणीचे औषध उडालेले असते.

दक्षिण अमेरिकेतल्या पराग्वेत हीच रीत येर्बा माते या पानांची आहे. कॅफीन त्यांतही असते. उन्हाळ्यात ती गार पाण्याबरोबर पितात, त्याला तेरेरे म्हणतात, आणि त्या पाण्यात ताज्या औषधी वनस्पती कुटून घालतात. ग्वारानी लोकांच्या या परंपरेची युनेस्कोने २०२० साली अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली. गंमत म्हणजे त्या वनस्पतींत आपला गवती चहाही आहे! गार पाण्यात वाफेचा प्रश्नच नाही. आमलीच्या मे महिन्यात, उकळून गार केलेल्या माठातल्या पाण्यात चार पाती ठेचून टाकायला हरकत नाही.