क्रोशाचं तोरण महाग का वाटतं? यंत्राला आजही न जमणाऱ्या विणीची गोष्ट

इन्स्टाग्राम उघडलं की हल्ली हमखास दिसतात त्या गोष्टी म्हणजे लोकरीचे गुलाब, सूर्यफुलांचे गुच्छ, कीचेनला लटकणारे इवलेसे गणपती, मोबाइलची पाऊच, बाळाचे बूट. खाली कमेंट ठरलेल्या असतात. पहिली "किती गोड!" आणि दुसरी "प्राइस?" किंमत कळली की तिसरी येते: "एवढ्याशा लोकरीचे इतके पैसे?"

या तिसऱ्या कमेंटचं उत्तर लोकरीत नाही, वेळेत आहे. आणि क्रोशाच्या बाबतीत वेळेला कुठलाही आडमार्ग नाही, कारण ही वीण कारखान्यातल्या यंत्राला येत नाही. स्वेटर यंत्रावर विणता येतो, भरतकाम यंत्रावर होतं, साडीचा काठ तर यंत्रावर झपाट्याने निघतो. पण खऱ्या क्रोशाची वस्तू, मग ती शिरूरच्या घरात विणलेली असो की परदेशी ब्रँडच्या दुकानात टांगलेली, कुणीतरी हातात सुई धरून टाका टाका मोजत केलेली असते.

एक सुई, एक फास

क्रोशा हा शब्द फ्रेंच भाषेतून आला. त्याचा अर्थ छोटा आकडा. सुईच्या टोकाला तोच आकडा असतो. दोन सुयांच्या विणकामात, म्हणजे आजीच्या स्वेटरच्या विणकामात, पूर्ण ओळीचे टाके एकाच वेळी सुईवर जिवंत असतात. एखादा निसटला की ओळीखालून ओळ उसवत जाते. क्रोशात मात्र कोणत्याही क्षणी साधारण एकच फास उघडा असतो, बाकीचं काम बंद झालेलं असतं. म्हणून चूक झाली तर दोरा ओढायचा, चुकीपर्यंत मागे जायचं आणि पुन्हा सुरू करायचं. नवशिक्यांना क्रोशा लवकर जमतो याचं मोठं कारण हेच.

मराठीत या टाक्यांना फार नेमकी नावं आहेत. सुरुवात साखळीने होते. तिच्यावर उभे राहतात ते खांब. सुईवर वेढा न घेता केलेला बुटका टाका म्हणजे मुका खांब, एक वेढा घेऊन दोन टप्प्यांत सोडवलेला उंच टाका म्हणजे खांब, या दोघांच्या मधला अर्धा खांब. रुमालापासून तोरणापर्यंत बहुतेक नक्षी या चार शब्दांत सांगता येते: इतक्या साखळ्या, इतके खांब, मध्ये दोन घरं सोडा.

इथे यूट्यूबवरून शिकणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच लक्षात ठेवलेली बरी. इंग्रजी नावांचे दोन संच आहेत, अमेरिकन आणि ब्रिटिश, आणि ते एकमेकांच्या पायात पाय घालतात. आपला मुका खांब अमेरिकेत 'सिंगल क्रोशे' असतो आणि ब्रिटनमध्ये 'डबल क्रोशे'. आपला खांब अमेरिकेत 'डबल', तर ब्रिटनमध्ये 'ट्रेबल'. व्हिडिओत केलेली टोपी डोक्यात बसते आणि आपली केलेली मडक्यावर बसते, ती बऱ्याचदा यामुळे.

यंत्र का अडतं?

यंत्रावरच्या विणकामात प्रत्येक फासाला स्वतःची सुई असते. शेकडो सुया एका रांगेत उभ्या, प्रत्येकीचं काम ठरलेलं: दोरा पकड, ओढ, सोड. क्रोशात सुईला आधी विणलेल्या कापडात योग्य भोक शोधून घुसावं लागतं, पलीकडून दोरा ओढून आणावा लागतो, मग वळावं लागतं. पुढचं भोक शेजारी असेल, दोन ओळी खाली असेल किंवा गोलाच्या पलीकडच्या बाजूला असेल. दुसऱ्या हाताची बोटं सतत कापड फिरवत आणि दोरा ताणत असतात. हे सगळं करू पाहणारी प्रायोगिक यंत्रं प्रयोगशाळांत बनली आहेत, पण कारखान्यात रोजचं उत्पादन काढावं अशी वेळ अजून आलेली नाही.

बाजारात 'क्रोशे लेस' म्हणून मीटरवर मिळते ती बहुधा वेगळ्या प्रकारच्या यंत्रावरची नक्कल असते. मॅचिंग सेंटरमध्ये ती हातात घेतली तर फरक कळतो: नक्कलीत उभे दोरे लांबच्या लांब धावताना दिसतात, खऱ्या क्रोशात प्रत्येक खांब वेगळा मोजता येतो.

दुष्काळ आणि आकड्याची सुई

क्रोशा फार प्राचीन नाही. त्याच्या छापील कृती युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिसू लागतात. १८२३ साली 'पेनेलोपे' या डच मासिकात क्रोशाच्या बटव्यांची माहिती छापून आली होती. ताणलेल्या कापडावर आकड्याच्या सुईने साखळीटाका घालायची कला त्याआधीपासून होती आणि आपल्याकडचं आरीकाम त्याच जातीचं. खालचं कापड काढून टाकलं आणि साखळी हवेतच विणली, तिथून क्रोशा जन्मला, असं अनेक अभ्यासक मानतात.

पण त्याला पोटापाण्याचं काम बनवलं ते दुष्काळाने. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सलग कुजलं, लाखो माणसं मेली, लाखो देश सोडून गेली. त्या वर्षांत मठांतल्या जोगिणींनी आणि काही सधन घरच्या बायकांनी गावोगावच्या मुलींना क्रोशाची लेस शिकवली. सुई आणि सूत एवढंच भांडवल लागत होतं. ती लेस लंडन-पॅरिसच्या बाजारात जाऊ लागली आणि कित्येक घरांची चूल तिच्यावर पेटली.

याच्याशी जुळणारी एक गोष्ट दौंड तालुक्यात घडली. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंनी तिथे जमीन घेतली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावला उभं राहिलं ते मुक्ती सदन. पुढच्या दुष्काळानंतर, १९०० च्या सुमारास, तिथल्या रहिवाशांची संख्या दीड हजारावर गेली होती. एवढ्या माणसांना नुसतं जेवू घालून भागणार नव्हतं. शेती, गाईगुरं, तेलाचा घाणा, विणकाम, शिवण, सुईकाम, छपाई असे उद्योग तिथे बायकांच्या हातात दिले गेले. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याही बायकाच होत्या, आणि त्या काळात हे बघायला लोक केडगावला येत असतील तर नवल नाही.

रमाबाईंच्या या कामात एक साधी समज होती. सुईकाम त्या काळच्या सुखवस्तू घरांत मुलीचं 'वळण' म्हणून शिकवलं जाई; केडगावात ते विधवा आणि निराधार बाईच्या हाताला मिळालेलं काम होतं. सुई तीच, पण एका घरात तिचे तास कुणी मोजत नव्हतं आणि दुसरीकडे त्या तासांवर आयुष्य उभं राहणार होतं.

'छंद' म्हटलं की मजुरी गळते

क्रोशाचे तास न मोजण्याचा सर्वांत मोठा धडा आंध्र प्रदेशात मिळतो. गोदावरीच्या मुखाजवळच्या नरसापूर भागात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी बायकांना लेस विणायला शिकवलं. आज तिथली क्रोशे लेस जगभर जाते आणि २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी या बायकांचा अभ्यास करून १९८२ मध्ये 'द लेसमेकर्स ऑफ नरसापूर' हे पुस्तक लिहिलं. त्यांनी दाखवलं ते असं: बायका घरकाम सांभाळून दिवसातले अनेक तास निर्यातीसाठी लेस विणत होत्या, नगावर तुटपुंजी मजुरी घेत होत्या, पण त्यांना कामगार कुणी म्हणत नव्हतं. त्या 'गृहिणी' होत्या आणि विणणं हा त्यांचा 'फावल्या वेळेचा उद्योग' होता. नफा व्यापाऱ्याकडे जात होता आणि या एका शब्दाने तो जाणं सोपं केलं होतं.

आपल्याकडे गणित लहान आहे, पण चूक तीच होते. रुखवतात क्रोशाचं तोरण, ताटावरचे रुमाल, देवघराचं आसन मांडलं की पाहुणे कौतुक करतात, कारण ते विकत आणलेलं नसतं. तेच तोरण विकायला ठेवलं की लोकरीच्या गुंडीच्या भावाशी तुलना सुरू होते.

हिशेब करून बघू. अमिगुरुमी, म्हणजे कापूस भरलेल्या जपानी पद्धतीच्या क्रोशाच्या बाहुल्या, सध्या भेट म्हणून फार चालतात. त्यातला सगळ्यात सोपा भाग म्हणजे एक गोळा. सहा मुक्या खांबांनी सुरुवात होते, मग प्रत्येक फेरीत सहा वाढवत १२, १८, २४, ३०, ३६. मग छत्तीसच्याच सहा फेऱ्या. मग पुन्हा सहा-सहा कमी करत बंद. बेरीज केली तर ४३२ टाके. मिनिटाला पंधरा टाके पडणारा सरावाचा हात धरला तरी अर्धा तास, आणि तयार झालं काय, तर अस्वलाचं डोकं. धड, दोन हात, दोन पाय, कान, जोडणी, डोळे, नाक अजून बाकीच आहे.

आता तोरण. समजा त्याला चौदा तास लागले आणि लोकर-मणी दीडशे रुपयांचे. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला २९७ रुपये होता. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला साधारण ३७ रुपये. चौदा तासांचे ५१८, त्यात साहित्य मिळवलं की ६६८. यात नफा नाही, कौशल्याचं मोल नाही, फोटो काढणं, पॅक करणं, कुरिअरला जाणं नाही. हेच तोरण तीनशेला मागितलं आणि दिलं, तर विणणारीला तासाला पावणेअकरा रुपयेही पडत नाहीत.

याला विकणाऱ्याही थोड्या जबाबदार आहेत. "लोकरीचे पैसे सुटले तरी बास" हे वाक्य बचत गटांच्या स्टॉलवर सहज ऐकू येतं. दुसरा प्रचलित नियम साहित्याच्या तिप्पट किंमत लावण्याचा, तोही क्रोशात फसतो. दोरा जितका बारीक, तितका तो कमी लागतो आणि तितके तास वाढतात. साठ रुपयांच्या बारीक सुताचा रुमाल वीस तास खाऊ शकतो. तिपटीने त्याची किंमत १८० होते. जाड लोकरीचा मफलर तासा-दोन तासांत संपतो आणि त्याच नियमाने महाग ठरतो. म्हणजे नाजूक काम करणारीच जास्त तोट्यात.

शिरूर-दौंडसारख्या ठिकाणी अडचण आणखी एक आहे. ओळखीत विकलं जातं आणि ओळखीत भाव करताना जीभ अडखळते. "आपल्यातलीच आहेस" म्हणून मावशी शंभर कमी देतात आणि ते परत मागता येत नाहीत. अशा वेळी पुण्यात भरणाऱ्या भीमथडी जत्रेसारखं प्रदर्शन उपयोगी पडतं, कारण समोरचं गिऱ्हाईक अनोळखी असतं आणि भावाची पाटी आधीच लावलेली असते. भीमथडी हे नावही भीमेच्या काठच्या याच मुलखाचं.

सुरुवात करायची असेल तर

खर्च फार नाही. दुकानात 'लोकर' म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा मेंढीची लोकर नसून अ‍ॅक्रिलिक असतं, आणि शिकायला तेच बरं. स्वस्त आहे, धुता येतं. फक्त गरम इस्त्री त्यावर फिरवू नये, वीण कायमची चपटी होऊन लोंबते. पहिल्यांदा फिकट रंगाची मध्यम जाड लोकर आणि चार मिलिमीटरच्या आसपासची सुई घ्यावी. काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत. बारीक सुताच्या स्टीलच्या सुया नंतर.

पहिली वस्तू म्हणून बाहुली निवडू नका, रील कितीही मोहक असली तरी. हातभर साखळी, मग मुक्या खांबांचा सरळ चौकोन. तो चहाच्या कपाखाली ठेवायला होतो. कडेचे टाके मोजायची सवय लागली की चौकोनाचा त्रिकोण होणं थांबतं. मग गोल, मग फूल, मग तोरणाची पानं. सगळं सामान एका पिशवीत मावतं, दौंड-पुणे शटलमध्ये किंवा शिरूरच्या एसटीत मांडीवर चालतं आणि मध्येच उठावं लागलं तरी एकाच फासात पिन अडकवून ठेवता येतं.

पॅटर्न विकत घेताना मात्र सावध राहा. एआयने बनवलेल्या खोट्या क्रोशाच्या चित्रांवर पैसे घेऊन कृती विकल्या जात आहेत. फोटो मोठा करून बघावा. टाके एकमेकांत विरघळत असतील, ओळी कुठेच जात नसतील, फर आणि वीण एकत्र दिसत असेल, तर ते कुणी विणलेलं नाही आणि तुम्हालाही विणता येणार नाही.

पुढे ऑर्डर घ्यायची वेळ आली तर वहीत दोन रकाने आखावेत, सुरू केल्याची वेळ आणि थांबल्याची वेळ. दोन-तीन वस्तूंनंतर स्वतःचा वेग कळतो आणि भाव सांगताना अडखळायला होत नाही. लोकरीचे पैसे आगाऊ घ्यावेत आणि पूर्ण कामाला लागेल तेवढी लोकर एकदमच आणावी. गुंडीच्या कागदावर रंगाच्या घाण्याचा क्रमांक छापलेला असतो. महिन्याने त्याच रंगाची दुसरी गुंडी आणली आणि क्रमांक वेगळा निघाला, तर दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सारखा वाटलेला लाल रंग दारावर तोरण लावल्यावर दोन प्रकारचा दिसतो.